खरवड आणि गिऱ्हाईक

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बोलायला सांगितले तेव्हा विषयही सांगून टाकला. "शाळेच्या आठवणी सांगायला बाकीचे आहेत. तू स्वतः एक सॉफ्टवेअर केलंस आणि लोक त्याचे पैसे देतात असं ऐकलं. ती माणसं तुला मिळाली कशी, तेवढं सांग." आपल्या तुकडीत दुकानदार आहेत, शेती करणारे आहेत, डॉक्टर, शिक्षक, बँकेतले आहेत. बऱ्याच जणांची मुले इंजिनिअरिंगला आहेत आणि सुट्टीत घरी आली की "मी एक ॲप काढतोय" म्हणतात. त्या मुलांच्या आईवडिलांना तरी हे उपयोगी पडेल, म्हणून उभी राहिले.

आधी ते साधन काय आहे ते सांगते. संगणकाच्या भाषेत त्याला वेब स्क्रेपिंग म्हणतात. स्क्रेप म्हणजे खरवडणे. दूध आटवले की पातेल्याच्या तळाला जी खरवड राहते, ती काढण्यासाठी आपण भावंडांत भांडलो आहोत. इंटरनेटवरच्या पानांचेही तसेच आहे. पान मोठे, जाहिराती, चित्रे, मेनू, आणि आपल्याला हवी असते त्यातली एक ओळ. माणूस ती ओळ वाचतो आणि वहीत उतरवतो. हेच काम प्रोग्रॅमकडून करून घेणे म्हणजे वेब स्क्रेपिंग. प्रोग्रॅम ते पान उघडतो, हवी ती ओळ उचलतो आणि तक्त्यात नेऊन ठेवतो. यात गुपित काही नाही. पायथॉन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट आहे, तिच्यात या कामासाठी ब्यूटिफुल सूप आणि स्क्रेपी अशी तयार अवजारे आहेत, तीही फुकट. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा आठ दिवसांत साधा स्क्रेपर लिहितो.

माझा स्क्रेपर निविदा वाचतो. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषद, विद्यापीठे, सरकारी रुग्णालये आपापल्या संकेतस्थळांवर निविदा सूचना टाकतात. गटार बांधायचे आहे, पथदिवे बसवायचे आहेत, शाळेला बाके पुरवायची आहेत. सूचना असते पीडीएफमध्ये. ती बहुतेक वेळा कागदावर छापून, शिक्का मारून, पुन्हा स्कॅन केलेली असते, म्हणजे ते अक्षरांचे चित्र असते. त्यातून अक्षरे ओळखून काढावी लागतात. काही सूचना युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर तुम्हाला "निविदा" दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते. त्यामुळे तुम्ही शोधपट्टीत "निविदा" टाइप केले तरी ती सूचना सापडत नाही. मला हे कोडे आवडले होते. प्रत्येक जुन्या फॉन्टचे कोष्टक करायचे, भेळेतून मराठी परत मिळवायची. २०२१-२२ च्या सुमारास शनिवार-रविवारी, नोकरी सांभाळून, हौस म्हणून मी हे करत होते.

मग २०२३ साल आले. मी ज्या कंपनीत होते तिने आमचा विभाग बंद केला. वय ४४. घराचे कर्ज अजून ९ वर्षे राहिलेले, मुलगी आठवीत, सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले. मुलाखती दिल्या. २२ वर्षांचा अनुभव बघून समोरची तरुण मुले आदराने बोलायची, पुढे निरोप यायचा नाही. तेव्हा घरात बसून आम्ही दोघांनी हिशोब मांडला. यजमानांच्या पगारात कर्जाचा हप्ता आणि घरखर्च निघत होता. माझी साठवलेली रक्कम एक वर्ष पुरणार होती. यजमान म्हणाले, "वर्षभर कर. वर्षानं परत वही उघडू." तर माझ्या हातात १२ महिने होते आणि एक साधन होते, जे चालत होते पण ज्याचे अजून कुणी एक रुपयाही दिला नव्हता.

आपल्या तुकडीच्या ग्रुपवर मी तेव्हा ते टाकले होते, आठवत असेल. अंगठे आले, फुले आली, "अभिमान वाटतो" आले. वापरायला मागितले कुणीच नाही. यात तुमचा काही दोष नाही बरं का. तुमच्यापैकी कुणालाच निविदा भरायची नव्हती! जुन्या ऑफिसातल्या लोकांनी तर मला तासभर बसवून फॉन्टचे कोष्टक समजून घेतले. त्यांनाही निविदा भरायची नव्हती. कौतुक करणारा माणूस आणि पैसे देणारा माणूस ही दोन वेगळी माणसे असतात. कौतुक करणारे आपल्याला ओळखतात म्हणून करतात. पैसे देणाऱ्याला आपल्याशी देणेघेणे नसते, त्याला त्याची अडचण दूर झालेली हवी असते. म्हणून मी प्रश्न बदलला. "हे साधन कुणाला आवडेल?" असे विचारणे सोडले आणि "या कामावर आजच कुणाचा खर्च होतो आहे?" असे विचारायला लागले.

उत्तर आपल्याच वर्गातून मिळाले. आपल्या एका मैत्रिणीचे यजमान कुपवाडला इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहेत. ती समोर बसली आहे, नाव घेत नाही, लाजेल. मी दाजींना विचारले, "तुमच्या ऑफिसात चार दिवस नुसती बसू का? विकायला येत नाही, बघायला येते." ते म्हणाले, "बसा की, ताई. चहा आहे, फॅन आहे."

त्या चार दिवसांत जे कळले ते मला घरी बसून कळले नसते. त्यांच्याकडे एक मुलगा कामाला आहे. तो रोज सकाळी आल्यावर एकामागून एक १४ संकेतस्थळे उघडायचा. प्रत्येक ठिकाणी निविदेचे पान शोधायचे, नवीन काय ते बघायचे, पीडीएफ उतरवून घ्यायची आणि लांब वहीत कामाचे नाव, अंदाजपत्रकी रक्कम, बयाणा आणि शेवटची तारीख लिहायची. याला दीड तास जायचा. संकेतस्थळ बंद असले की "नंतर बघतो" म्हणायचा, आणि नंतर वायरमन यायचे, फोन यायचे, ते राहून जायचे. त्या मुलाचा पगार १२ हजार. दिवसाच्या ९ तासांपैकी दीड तास, म्हणजे पगाराचा सहावा भाग. दाजी या कामावर महिन्याला २ हजार रुपये आधीपासून खर्च करतच होते, फक्त त्याचे वेगळे बिल होत नव्हते म्हणून ते दिसत नव्हते.

दुसरी गोष्ट कळली ती शुद्धिपत्रकाची. निविदा निघाल्यावर तिच्यात बदल होतात. तारीख पुढे जाते, एखादी अट बदलते, वस्तूचे वर्णन बदलते. त्यासाठी निघते ते शुद्धिपत्रक. ते कधी मूळ सूचनेशेजारी असते, कधी वेगळ्याच पानावर. दाजींनी त्या आधीच्या वर्षी एक काम असेच घालवले होते. शुद्धिपत्रकाने एक प्रमाणपत्र वाढवले होते, यांनी ते जोडले नाही, तांत्रिक लिफाफ्यातच निविदा बाद झाली. आर्थिक लिफाफा उघडायची वेळच आली नाही. त्यांना नवीन निविदा कळण्यापेक्षा भरलेल्या निविदेचे शुद्धिपत्रक कळणे जास्त मोलाचे होते. माझ्या साधनात तोवर शुद्धिपत्रकाला वेगळी जागाच नव्हती, आणि ज्या कोष्टकाचे सगळे कौतुक करत होते त्याबद्दल दाजींनी मला एकदाही विचारले नाही.

तिसरी गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. निविदांची माहिती देणाऱ्या मोठ्या सेवा बाजारात आधीपासून आहेत. त्यातली एक त्यांनी घेऊन बघितली होती. "ताई, रोज साठ-सत्तर निविदा यायच्या. वाचणार कोण? जास्त नको आम्हाला. कमी द्या. आमच्या कामाच्या तेवढ्याच द्या." मी २२ वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढली. तिथे नेहमी जास्तच मागतात. कमी मागणारे गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितले.

तर मी घरी येऊन साधन लहान केले. फक्त विजेची कामे, फक्त सांगली, कोल्हापूर, सातारा, आणि रोज सकाळी साडेआठला मोबाईलवर एक निरोप. बहुतेक दिवशी त्यात दोन-तीन ओळी. भरलेल्या निविदेवर शुद्धिपत्रक आले तर निरोप लगेच.

तीन आठवडे त्यांनी वापरले. मग पैसे मागायची वेळ आली. मित्रमैत्रिणींनो, यावर मला जरा बोलायचे आहे. आपण बहुतेक सगळे नोकरदाराच्या किंवा शिक्षकाच्या घरातले. आपल्याला मेहनत करायला शिकवले, खोटे बोलू नका हे शिकवले, कुणापुढे हात पसरू नका हेही शिकवले. त्यामुळे कामाचे पैसे मागणे आणि हात पसरणे यातला फरक आपल्याला लवकर कळत नाही. त्यातून बाईमाणूस असेल आणि समोर मैत्रिणीचा नवरा असेल तर "राहू दे, घरचंच आहे" हे शब्द तोंडातून आपोआप निघतात. मी ते शब्द तोंडात येऊ दिले नाहीत. म्हटले, "दाजी, महिन्याला ९०० रुपये. पटत नसेल तर आजपासून बंद करते, राग नाही." ते दोन मिनिटे गप्प बसले. मग त्यांनी त्या मुलाला विचारले, "तुझा सकाळचा वेळ वाचतोय का रे?" मुलगा म्हणाला, "वाचतोय की." दाजींनी खिशातून ९०० रुपये काढून टेबलावर ठेवले आणि लगेच म्हणाले, "आता पैसे दिलेत, आता मी बोलणार. निरोपात बयाण्याची रक्कम पहिल्या ओळीत पाहिजे."

तीन आठवडे फुकट वापरताना ते एक शब्द बोलले नव्हते. पैसे दिल्यावर त्याच मिनिटाला साधनातली उणीव सांगितली. फुकटच्या गोष्टीला नावे ठेवणे आपल्याकडे बरे दिसत नाही, त्यामुळे फुकट वापरणारा माणूस तुम्हाला खरे सांगत नाही. पैसे घेणे हा मला खरे ऐकण्याचा मार्ग वाटतो, आणि ९०० रुपयांत मला तो त्या दिवशी मिळाला.

आपल्या जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असे सांगतात. नांगर चांगला होता, तरी तो घेणारा शेतकरी मिळेपर्यंत दम धरावा लागला. वस्तू तयार करणे हे एक काम आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस मिळवणे हे दुसरे काम आहे. इंजिनिअरिंग कॉलेजात आम्हाला पहिले काम चार वर्षे शिकवले. दुसऱ्याचा तासही नव्हता.

दाजींनंतरची माणसे कशी मिळाली ते थोडक्यात सांगते. दाजींनी मला तीन नावे दिली. ते स्वतः फोन करून म्हणाले, "माझ्याकडे चालतंय, बघा." त्या एका वाक्याने जे झाले ते माझ्या वीस मिनिटांच्या भाषणाने झाले नसते. तिघांपैकी दोघांनी घेतले. मग मी मिरज, इचलकरंजी, कऱ्हाड असे फिरले. ४० ऑफिसांत गेले, ७ जणांनी घेतले. कुणी "मालक नाहीत" म्हणून परत पाठवले, कुणी "साहेब कोण? त्यांना पाठवा" म्हणाले. साहेब मीच, हे पटवण्यात काही भेटी गेल्या!

खरी वाट सापडली ती दुसरीकडे. ऑनलाइन निविदा भरायला डिजिटल सही लागते. ती काढून देणारी आणि कंत्राटदारांच्या निविदा भरून देणारी छोटी ऑफिसे गावोगाव असतात. एक टेबल, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि बाहेर चपलांची रांग. एकेका ऑफिसाकडे वीस-तीस कंत्राटदार ठरलेले. अशा एका गृहस्थांकडे गेले तेव्हा ते आधी सावध झाले. मी त्यांचे गिऱ्हाईक पळवायला आले असे त्यांना वाटले. मी म्हटले, "निविदा भरायचं काम तुमचंच आहे, मी त्याला हात लावत नाही. पण तुमच्या माणसाला निविदा वेळेवर कळली, तर तो भरायला तुमच्याकडेच येईल. आणि तुमच्यामार्फत जो घेईल त्याच्यामागे महिन्याला १०० रुपये तुमचे." त्यांनी बोटावर हिशोब केला आणि चहा मागवला. आज माझ्या ६४ गिऱ्हाइकांपैकी ३१ अशा ऑफिसांतून आलेली आहेत. ज्याच्यावर आपल्या गिऱ्हाइकाचा आधीपासून विश्वास आहे, तो माणूस शोधायचा आणि त्याचा फायदा आधी बघायचा. शेतीमालाच्या बाजारात अडत्या का टिकला हे मला तेव्हा कळले.

गिऱ्हाईक मिळवण्याइतकेच ते टिकवण्याचे आहे. संकेतस्थळे बदलतात. एका सकाळी एखाद्या नगरपरिषदेने पानाची रचना बदलली की माझा प्रोग्रॅम तिथे आंधळा होतो. त्या दिवशी निरोपात काहीच नसले तर कंत्राटदार काय समजेल? आज निविदा नाही, असे समजेल. म्हणून मी पहिल्यापासून दोन वेगळी वाक्ये ठेवली आहेत. "आज नवीन निविदा नाही" आणि "आज अमुक संकेतस्थळ मला बघता आले नाही, तुम्ही स्वतः बघा." दुसरे वाक्य पाठवताना आपली उणी बाजू दिसते. पण माझी बरीचशी गिऱ्हाइके त्या वाक्यामुळेच टिकली आहेत. एकाने तर सांगितले, "मॅडम, तुम्ही जमलं नाही म्हणून सांगता, म्हणून बाकीच्या दिवशी विश्वास ठेवतो."

दुसरी परीक्षा आचारसंहितेची. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनपर्यंत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विधानसभेची. त्या काळात नव्या निविदा जवळजवळ थांबतात. निरोपात रोज "नवीन निविदा नाही." लोक म्हणणार, याचे ९०० रुपये कशाला? मी स्वतःच सगळ्यांना कळवले, "आचारसंहिता उठेपर्यंत पैसे देऊ नका. शुद्धिपत्रकांचे निरोप चालू राहतील." ते महिने फार ओढीचे गेले. पण आचारसंहिता उठल्यावर दोघे सोडून सगळे परत आले, कुणाला फोन करावा लागला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला इथे खरे तर उभे राहायचे होते, ती सांगते. वर्षातले सात महिने गेले होते. ११ गिऱ्हाइके होती, म्हणजे महिन्याचे ९,९०० रुपये. साठवण निम्म्याच्या खाली आलेली. तेव्हा एका जाहिरातवाल्या कंपनीचा फोन आला. माझे साधन कुठून तरी त्यांच्या कानावर गेले होते. त्यांना निविदा नको होत्या. लग्न जुळवणाऱ्या आणि घरे भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळांवरून नावे आणि मोबाईल नंबर खरवडून हवे होते. दरमहा ६० हजार, सहा महिन्यांचे आगाऊ. साधन तेच, कष्ट निविदांपेक्षा कमी, कारण तिथे स्कॅन केलेले शिक्के नसतात.

त्या रात्री आम्ही वही पुन्हा उघडली. यजमान म्हणाले, "तू ठरव. हप्ता मी बघतो." मी माझ्या मुलीच्या वयाच्या मुलींचा विचार केला. चार-पाच वर्षांनी त्यांचे नाव, फोटो, नंबर अशाच एखाद्या संकेतस्थळावर असेल. तिने किंवा तिच्या वडिलांनी तो नंबर स्थळ बघायला दिलेला असेल, कर्ज आणि विमा विकणाऱ्यांना नाही. सही, शिक्का आणि जावक क्रमांक घेऊन आलेली निविदा सगळ्यांनी वाचावी म्हणूनच लावलेली असते. एखाद्या मुलीचा नंबर तसा नसतो. प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच, पण तो लिहिणाऱ्या माणसाला सारखे असून चालत नाही.

कायदाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकातून माहिती काढली तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये वेगळा कायदा झाला. त्याशिवाय या धंद्याचा स्वतःचा एक रिवाज १९९४ पासून आहे. संकेतस्थळाचा मालक "रोबोट्स डॉट टीएक्सटी" नावाची एक छोटी फाइल ठेवतो. प्रोग्रॅमने कुठे यावे आणि कुठे येऊ नये हे तिच्यात लिहिलेले असते. दारावरच्या पाटीसारखे. पाटी आडवी येत नाही, आत घुसणाऱ्याला ती अडवू शकत नाही. तिचा मान ठेवायचा असतो. मी ती पाटी वाचते. लॉगिन मागणाऱ्या किंवा "तुम्ही माणूस आहात का" असे विचारणाऱ्या पानावर माझा प्रोग्रॅम जात नाही. तिथली लिंक गिऱ्हाइकाला देते, पुढे त्यांनी जावे. आणि नगरपरिषदेचा सर्व्हर आधीच दमलेला असतो, म्हणून पहाटे, दोन पानांमध्ये थांबत थांबत जाते.

दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीला नाही म्हणून कळवले. त्यांनी दुसरा कुणी गाठला असेल. मला त्याबद्दल बढाई मारायची नाही. यजमानांचा पगार होता म्हणून नाही म्हणता आले, हेही मला माहीत आहे. पण तेव्हापासून कुठलेही गिऱ्हाईक घेण्याआधी मी एक प्रश्न विचारते. ज्याची माहिती मी उचलते आहे, त्याला हे समोर बसून सांगता येईल का? नगरपरिषदेच्या लिपिकाला मी सांगू शकते. एकाला सांगितलेही. तो म्हणाला, "बरं झालं, निविदेला तीन तरी लोक येतील. कमी आले की आम्हाला परत काढावी लागते."

आजची स्थिती सांगते, कारण नुसती गोष्ट सांगून आकडा लपवणे बरे नाही. ६४ गिऱ्हाइके, महिन्याला ५७,६०० रुपये. सर्व्हर, निरोपांचा खर्च, ऑफिसांचे १०० रुपये वजा जाता हातात ४८ हजारांच्या आसपास राहतात. माझा जुना पगार याच्या तिपटीहून जास्त होता. म्हणून आठवड्यातले दोन दिवस मी बाहेरची कामे घेते. वर्ष संपल्यावर वही उघडली तेव्हा यजमान म्हणाले, "अजून एक वर्ष." आता ते दर वर्षी तेवढेच म्हणतात. सासूबाई चालायला लागल्या आहेत आणि गिऱ्हाइकांचे फोन मी बाहेर असले की त्याच घेतात. "निविदावाल्या आजी" म्हणून त्यांना दोन जिल्ह्यांत ओळखतात.

तुमच्या घरात जे मूल ॲप काढणार आहे, त्याला माझ्याकडून एवढे सांगा. आधी कोड लिहू नकोस, आधी कुणाच्या तरी टेबलाशेजारी चार दिवस बस. तो माणूस कुठे वेळ घालवतो, काय वहीत उतरवतो, कशामुळे चिडतो ते बघ. जे काम तो आज हाताने करतो आहे आणि ज्यासाठी कुणाला तरी पगार देतो आहे, तेच काम उचल. थोड्या लोकांसाठी कर, पण त्यांना रोज उपयोगी पडेल असे कर. पहिल्या महिन्यातच पैसे माग, कमी माग, पण माग. नाही म्हणाला तर का ते विचार आणि वहीत लिही. जे साधनाला दिसत नाही ते दिसत नाही म्हणून सांग. आणि कुणाची माहिती उचलतोस ते विसरू नकोस.

आपल्या शिक्षकांना एक विनंती आहे. सर, बाई, तुम्ही आम्हाला पाढे दिले, व्याकरण दिले, फळ्यावर न घाबरता उभे राहायला शिकवले. आजही तुमच्यापैकी काही जण शिकवता. शाळेत वर्षातून एक दिवस मुलांना त्यांनी स्वतः केलेली वस्तू स्वतः विकायला लावा. आकाशकंदील, पणत्या, राख्या, काहीही. आईवडिलांना विकायची नाही, अनोळखी माणसाला. "दहा रुपये" हा शब्द मान वर करून म्हणता आला पाहिजे. विशेषतः मुलींना.

जेवण झाल्यावर मी मागच्या व्हरांड्यात बसणार आहे. तुमच्या दुकानात, दवाखान्यात, सोसायटीत, बँकेत रोज कुणी संगणकावरून वहीत काही उतरवून घेत असेल तर मला येऊन सांगा. साधन करता येईल की नाही ते सांगेन. सल्ला फुकट आहे. साधनाचे पैसे पडतील.